अटीसह दिलेले मत

एल्मस्टो
रविवार, १६ एप्रिल २०२३

प्रिय लॅम्बर्ट,

पुनरुत्थानाच्या सणाचा आनंद तुझ्या घरी अजून रेंगाळत असो. तुझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुन्हा पुढे गेल्याचे वाचून वाईट वाटले. मी बरा आहे. माझ्या वाफ्यातल्या रुबार्बचे देठ मनगटाएवढे झाले आहेत. सकाळच्या उपासनेत पाठ वाचण्याची पाळी माझी होती. ईस्टरनंतरच्या रविवारी कोणता पाठ असतो, हे तुला सांगायला नको: पुन्हा उठलेल्या प्रभूच्या जखमांत बोट घातल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही असे म्हणणाऱ्या त्या शिष्याचा. वाचताना माझा आवाज एका ठिकाणी अडला. लोकांना वाटले, सर्दी.

तुझ्या पुतणीची बातमी तुला कळली असेलच. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत आपल्या प्रभागातून डॅमारिस अपक्ष उभी आहे. समोर डेस्मंड पार्जिटर, जो गेली बारा वर्षे ती जागा धरून आहे आणि सभेत मुख्यतः डुलक्या घेतो. डॅमारिसच्या अर्जावर सूचक म्हणून मी सही केली. ती उभी राहिली त्याचे कारण एकच: पादऱ्याचे कुरण. नदीकाठच्या त्या पाणथळ गवतावर क्रॅडक नावाच्या बांधकामवाल्याला ऐंशी घरे बांधायची आहेत. तिची आई ज्या फाटकाशी उभी राहून हंसांना पावाचे तुकडे टाकी, ते फाटकही त्यात जाणार आहे.

आता जे लिहितो, ते तुझ्यापाशीच राहू दे.

तिची पत्रके मी दारोदार टाकतो. पहिल्या पत्रकावर ठळक अक्षरांत होते, ‘कुरण वाचवू.’ परवा दुसरे छापून आले. त्यावर आहे, ‘कुरणाबाबत सर्वांशी बोलू.’ चाळीस वर्षे मी मुलांच्या वह्या तपासल्या, लॅम्बर्ट. कोणता शब्द खोडून कोणता घातला, हे माझ्या नजरेतून सुटत नाही. पत्रकांचा गठ्ठा घ्यायला मी तिच्याकडे गेलो, तर अंगणातून क्रॅडकची हिरवी गाडी बाहेर पडत होती. आत गेलो, तर तिने एक गुंडाळलेला मोठा नकाशा चटकन छत्र्यांच्या उभ्या पिंपात खोवला.

“कोण आलं होतं गं?” मी विचारले.

“कुठे कोण? बाबा, तुम्ही आधी बूट काढा, चिखल केलाय सगळीकडे.”

‘कुठे कोण?’ गाडी मी डोळ्यांनी पाहिली होती. देवाने पहिल्या माणसाला बागेत पहिला प्रश्न विचारला तेव्हा त्यानेही झाडांमागूनच उत्तर दिले होते.

शेजारच्या मिसेस हॉबडे कालच मला कुंपणावरून म्हणाल्या, “तुमची लेक हुशार आहे हो, मास्तर. क्रॅडकच्या ऑफिसात दोनदा दिसली. आता आम्हाला काय, आम्ही पार्जिटरवाले. पण तुम्हाला माहीत असेलच म्हणा.”

मला माहीत नव्हते. माहीत असल्यासारखी मान हलवली.

तुझा थोरला भाऊ,
ऑब्री


एल्मस्टो
गुरुवार, ४ मे २०२३, दुपार

प्रिय लॅम्बर्ट,

तुझे पत्र शनिवारी पोचले. तू लिहितोस, ‘तिला सरळ विचार.’ पाद्री म्हणून पस्तीस वर्षे काढलेल्या माणसाला हे सोपे वाटणे स्वाभाविक आहे. तुझ्याकडे लोक स्वतः होऊन कबुली द्यायला येत असत. बापाने विचारायचे म्हणजे आरोप करायचे. आणि तिने ‘नाही’ म्हटले, तर त्या ‘नाही’वर मी विश्वास ठेवीन की नाही, याची मला खात्री नव्हती. म्हणून विचारले नाही.

आज मतदान. मी मत देऊन आलो. गावच्या सभागृहावर राजाच्या शनिवारच्या राज्याभिषेकासाठी पताका आधीच लागल्या आहेत, त्यामुळे आत शिरताना जत्रेत आल्यासारखे वाटत होते. दाराबाहेर मिसेस हॉबडे पार्जिटरच्या पक्षाची निळी फीत लावून खुर्चीवर बसल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याचा मतदार क्रमांक विचारून लिहून घेत होत्या. मी माझा सांगितला नाही. टेबलामागे नोरीन ट्रॉट होती, जिला मी सहा वर्षे शिकवले.

“सर, ओळखपत्र?”

“नोरीन, तू मला ओळखत नाहीस?”

“मी ओळखते हो, पण यंदापासून कायदा ओळखत नाही ना! फोटो दाखवा. बसचा पास चालेल.” पास निरखून पाहत ती म्हणाली, “यात तुम्ही हसताय, सर. हे तुम्हीच कशावरून?”

मागच्या रांगेत हशा पिकला. मीही हसलो असतो. पण त्याच वेळी मला खिडकीतून सभागृहाचे फाटक दिसले. फाटकाशी डॅमारिस उभी होती आणि तिच्यासमोर क्रॅडक. तो काहीतरी म्हणाला. ती मान मागे टाकून हसली, लहानपणी तिच्या आईबरोबर हसत असे तशी. आणि तिने त्याच्याशी हात मिळवला. मत पडायच्या दिवशी, गावाच्या डोळ्यांदेखत.

मतपत्रिका घेऊन मी आडोशाला गेलो. दोरीला बांधलेली ती आखूड पेन्सिल माझ्या हातात नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिली. मग मत दिले आणि कागद पेटीत टाकला.

कसे दिले ते तू विचारणार नाहीस, आणि मी सांगणार नाही. गुप्त मतदानाचा अर्थच तो.

उद्या तालुक्याच्या क्रीडागृहात मोजणी आहे. उमेदवाराला मोजणीवर लक्ष ठेवायला आपला माणूस नेमता येतो. डॅमारिसने मला नेमले आहे. अर्ज भरताना कारकुनाला म्हणाली, “बाबांच्या नजरेतून काही सुटत नाही. माझा सगळ्यात जास्त विश्वास त्यांच्यावर.” हे मला नोरीनने आजच, मतपत्रिका हातात देण्याआधी, कौतुकाने सांगितले.

तुझा,
ऑब्री


एल्मस्टो
रविवार, ७ मे २०२३

प्रिय लॅम्बर्ट,

काल दिवसभर पाऊस पडला. राज्याभिषेकाचे जेवण रस्त्यावर मांडायचे होते, ते सभागृहात हलवावे लागले. आत आणलेल्या ओल्या पताकांचा निळा रंग उतरून मिसेस हॉबडेंच्या केकवर गळला आणि तो त्यांनी ‘मुद्दाम तसाच केलाय’ म्हणून वाढला. आज आठ वाजताच्या उपासनेला मी गेलो नाही. एवढ्यावरून तू ओळखशील की काहीतरी बिनसले आहे. तुझ्या गुडघ्याची नवी तारीख कळव.

डॅमारिस हरली. हे तुला तिने फोनवर सांगितले असेल. कशी हरली, ते तिने सांगितले नसेल, कारण त्यात माझे नाव येते. मोजणीच्या वेळी गुप्ततेची लेखी हमी देऊन मी आत गेलो होतो. पण माझे मत माझे आहे. त्याचा उच्चार करण्याचा अधिकार निदान मला आहे.

शुक्रवारी दुपारी गठ्ठे मोजून झाले. पार्जिटर पाचशे सात. डॅमारिस पाचशे सात. पुन्हा मोजले; पुन्हा तेच. आणि बाजूला एक मतपत्रिका उरली, संशयित म्हणून ठेवलेली. निवडणूक अधिकारी ओकशॉट नावाचे सौम्य गृहस्थ आहेत. त्यांनी दोन्ही उमेदवारांना आणि आम्हा त्यांच्या माणसांना टेबलाशी बोलावले आणि तो कागद सर्वांना दिसेल असा धरला.

डॅमारिसच्या नावापुढे मताची स्वच्छ फुली होती. आणि फुलीच्या उजवीकडे, पेन्सिलीने, लॅटिनमध्ये तीन शब्द. त्यांचा अर्थ: जर ती निष्ठावान असेल.

ते अक्षर माझे होते, लॅम्बर्ट.

मला तिला मत द्यायचे होते, आणि ते पूर्णपणे देववत नव्हते. कोऱ्या फुलीखाली माझी शंका दडपून टाकणे मला खोटेपणाचे वाटले. म्हणून मी अट घातली. मतपेटी म्हणजे देवासमोर ठेवलेले अर्पणाचे ताट आहे आणि माझी शेराबाजी फक्त तोच वाचणार आहे, असे मी त्या क्षणी समजत होतो. चाळीस वर्षे फुलीपुढे शेरा लिहिल्यावाचून मी कागद खाली ठेवला नाही. आडोशाला गेल्यावरही तो मास्तर माझ्याबरोबर आला.

पार्जिटरचा माणूस लगेच म्हणाला, “कागदावर लिहिलंय. मत कुणाचं ते ओळखता येईल. बाद करा.”

ओकशॉट म्हणाले, “लिहिलेलं असणं पुरेसं नाही. त्यावरून मतदाराची ओळख पटायला हवी. इथे नाव नाही, सही नाही. कौल तर स्पष्ट आहे. मी हे मत ग्राह्य धरण्याच्या विचारात आहे. कुणाला काही म्हणायचंय?”

म्हणजे पाचशे आठ. त्या एका कागदावर तिची जागा होती.

तो शेरा वाचता येणारी माणसे त्या क्रीडागृहात दोनच होती. आणि त्यातल्या एकीला मीच, ती नऊ वर्षांची असताना, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसवून ती भाषा शिकवली होती. डॅमारिसने कागद वाचला. पुन्हा वाचला. तिने माझ्याकडे पाहिले नाही. मी तिच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो.

“मी हे अक्षर ओळखते,” ती म्हणाली. “माझ्या वडिलांचं आहे.”

पार्जिटर स्वतः पुढे झाला. त्याचा चेहरा लाल झाला होता. “अगं डॅमारिस, काय करतेस? तुला कुणी विचारलं का?”

“विचारलं ना. आत्ताच. कुणाला काही म्हणायचंय का म्हणून.”

ओकशॉट हळू आवाजात म्हणाले, “याचा परिणाम तुम्हाला समजतोय ना?”

“समजतोय. पण मला माहीत असून मी गप्प बसले, तर उद्या त्या खुर्चीत कशाच्या जोरावर बसू?”

मग ओकशॉटनी माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली. तेवढेच. कागदावर बाद असा शिक्का पडला.

मते समसमान असतील तर निवड चिठ्ठी टाकून होते. ओकशॉटनी दोन नावे दोन चिठ्ठ्यांवर लिहिली, घड्या घातल्या, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकल्या आणि डबा हलवला. बाराव्या प्रेषिताची निवडही अशीच झाली, हे आपण दोघांनी किती वेळा शिकवले आहे! तेव्हा आधी प्रार्थना झाली होती. इथे कुणीतरी शिंकले. चिठ्ठी पार्जिटरची निघाली.

आता ते, जे मी दोन पानांपासून लिहायचे टाळतो आहे.

तू विचारशील की ओकशॉटनी ‘कुणाला काही म्हणायचंय?’ म्हटल्यावर मी का बोललो नाही. मी स्वतःला सांगितले की मत गुप्त असते. खोटे आहे ते. मी तिचा चेहरा पाहत होतो. परीक्षेच्या वर्गात ज्याच्यावर कॉपीचा संशय असतो, त्या विद्यार्थ्याकडे मास्तर पाहतो तसा. मला बघायचे होते, ती गप्प बसते का. ती गप्प बसली असती तर ती जिंकली असती आणि माझा संशय खरा ठरला असता. आणि देव मला क्षमा करो, त्या अर्ध्या मिनिटात मी त्याचीच वाट पाहत होतो. माझे बरोबर ठरावे, एवढीच माझी इच्छा होती. तिने ती जागा सोडली, ती माझा संशय खोटा पाडण्यासाठी नव्हे. माझा विचारही तिच्या मनात नसावा. तिला एवढेच दिसले की तिला जे माहीत आहे, ते सांगायला हवे.

मला घरी तिनेच सोडले. गाडीत बसताना म्हणाली, “बाबा, पट्टा लावा.” माझ्या दाराशी गाडी थांबवून, पुढच्या काचेकडे पाहत म्हणाली, “विचारायचं होतं ना, बाबा. एवढंच. मी कागदावर लिहिलं नसतं, तोंडाने उत्तर दिलं असतं.”

मी म्हणालो, “उत्तर खरं वाटलं नसतं तर?”

“मग तसं म्हणायचं. भांडलो असतो. तुम्ही मारे जिंकला असता, नेहमीसारखे.” ती हसली नाही. मागच्या सीटवरून तिने तो गुंडाळलेला नकाशा काढून माझ्या हातात दिला. “क्रॅडकशी काय बोलणं चाललं होतं ते यात आहे. तो पक्कं करेपर्यंत कुणाला सांगणार नाही असा मी शब्द दिला होता. कुणालाच. आता त्याला माझी गरज नाही, त्यामुळे शब्दही सुटला. बघा. तुम्हाला बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही.”

तो नकाशा शुक्रवारपासून माझ्या टेबलावर आहे. त्याला तिने दोन रबरबँड लावले आहेत, एक पिवळा, एक तुटायला आलेला. काल त्याच्याशेजारी बसून मी चहा घेतला. आज सकाळी उपासनेच्या घंटा वाजत असताना माझा हात त्यावर होता. कुरण वाचणार होते की विकले जाणार होते, हे त्यात लिहिलेले आहे. पार्जिटर निवडून आल्यामुळे ते वाचणार असले तरी आता वाचणार नाही, हेही बहुधा त्यातून कळेल.

तीन आठवड्यांपूर्वी तो पाठ वाचताना माझा आवाज अडला, तेव्हा मला वाटले होते की मी त्या संशयी शिष्याच्या बाजूचा आहे, आणि त्यात मला थोडा अभिमानही वाटला होता. पण प्रभूने त्याला हात पुढे करायला सांगितल्यावर त्याने खरोखर बोट घातले, असे तिथे कुठेच लिहिलेले नाही. इतकी वर्षे वाचून हे मला आज दिसले.

पाऊस थांबला आहे. हे पत्र पेटीत टाकून मी तिच्याकडे जाणार आहे. नकाशा बरोबर नेतो. दोन्ही रबरबँड जसेच्या तसे आहेत. दारात बूट काढीन, नकाशा छत्र्यांच्या पिंपात होता तसा ठेवीन, आणि कुरणाविषयी तिला विचारीन. ती जे सांगेल ते ऐकेन.

माझ्यासाठी प्रार्थना कर. तिच्यासाठी करायची गरज नाही.

जिचे अक्षर घडवले तिनेच ज्याचे अक्षर ओळखले, तो तुझा भाऊ,
ऑब्री