पुष्करचा किल्ला

१७ ऑक्टोबर
पुष्कर उद्या वारज्याहून येणार. चार दिवस माझ्याकडे. रुपाली (घटस्फोटापासून मोजूनमापून बोलते) फोनवर म्हणाली, त्याला तुझ्याकडे करमलं तर दर शनिवारी पाठवेन. नाही करमलं तर मला मध्ये घालू नकोस.
करमेल नाही तर काय! दिवाळीचा किल्ला करणार आहोत. सात वर्षांचा होता तेव्हा चिखलातून उठायचा नाही. मुलांचं फक्त वय वाढतं, आवडी त्याच राहतात. आयांना हे कळत नाही.

१८ ऑक्टोबर
आला. तेरा वर्षांचा, माझ्या खांद्याला लागतो. कुंभारवाड्यातून आणलेले मावळे दाखवले. "नाइस," म्हणाला. भारावला असावा.

१९ ऑक्टोबर, दुपार
पार्किंगशेजारी दगड, पोती, माती. बुरूज मी केला. तटबंदीही मीच. पुष्कर वर मोबाइलवर. किल्ल्यांचे फोटो बघत असेल.
शेजारची ओवी, वय सहा, सारखी विचारते, काका, मी चिखल कालवू? नाही म्हटलं. किल्ला पुष्करदादाचा आहे. "मग दादा कुठाय?" आगाऊ मुलगी.

२० ऑक्टोबर, नरक चतुर्दशी
पाठीत उसण. तरी पालथं पडून भुयार खणलं. पुष्कर मित्राबरोबर फुटबॉलला निघाला होता. मित्राने विचारलं, हे कोण? पुष्कर म्हणाला, सोसायटीचे माळी.
विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे. ओवीने उगाच ओरडून दुरुस्ती केली.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
अखेर पुष्करने किल्ल्याला हात लावला! महाराजांची मूर्ती उचलून अदबीने माझ्या हातात दिली (संस्कार आहेत). मग भुयारात सुतळी बॉम्ब ठेवला. "बाबा, बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस."
रील छान आलंय म्हणे. ओवी रडत घरी गेली. तिची आई उत्कर्षा येऊन म्हणाली, अहो, मुलगा लहान आहे, तुम्ही तरी मोठे व्हा. लक्ष दिलं नाही. पुष्कर खळखळून हसत होता. म्हणजे करमलं. शनिवार पक्के.

२२ ऑक्टोबर, पाडवा
त्याला वारज्याला सोडलं. गाडीवर पुढचे सगळे बेत सांगितले: लगोरी, गोट्या, पत्त्यांचा बंगला. सिग्नलला थांबलो की पुन्हा सांगत होतो.
दारात रुपालीने विचारलं, काय रे, करमलं का? पुष्करने हेल्मेट काढलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. फार समजुतीने म्हणाला, "बाबा, तू आता तुझ्या वयाच्या लोकांशी खेळत जा."
रुपाली हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.