न्हाणीतला लाल कोबा

प्रिय अनुजा,

फोनवर तू बोलत असतेस आणि मी नुसता ‘व्हय, व्हय’ म्हणत राहतो, म्हणून लिहायला बसलोय. चौथी शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून वाच. आपल्या गल्लीतला कृष्णात उद्या गुळाचा टेम्पो घेऊन पुण्याला येतोय, त्याच्याकडे हे देतोय. तू रविवारी आईला घेऊन निघायच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं. त्याने वाटेत कुठे हरवलं तर काय, ही एक नवीन काळजी.

तू बजावलं होतंस, घर आईला वावरण्याजोगं झालं तरच आणीन, नाहीतर ती कायमची माझ्याकडे राहील. तिच्या खुब्याच्या ऑपरेशनला तीन महिने झाले. तू पाठवलेले व्हिडिओ मी सगळे बघितले. त्यातली माणसं दोन मिनिटांत भिंतीला भोक पाडतात, मला दोन दिवस लागले. न्हाणीची भिंत मातीत बांधलेली. धरून उठायला पाईप बसवला आणि जरा ओढला, तर बोल्ट मातीसकट हातात आला. तुझी आई धरून उभी असताना असं झालं असतं तर? मग भिंतीला आरपार भोक पाडलं, पलीकडून लोखंडी पट्टी लावून बोल्ट आवळले. आधी मी स्वतः लोंबकळून बघितलं, मग तांदळाचं पोतं टांगलं. तरी रोज चहाच्या आधी जाऊन तो पाईप ओढून बघतो.

संडासावर ठेवायची खुर्ची दुकानात महाग मिळते, म्हणून पडवीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीलाच तापलेल्या पात्याने मधोमध भोक पाडलं, कडा घासल्या, पायांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधले. शेजारचे गणपतराव कुंपणावरून ओरडले, “काय राजं, म्हातारपणी सिंहासन करताय व्हय?” मला हसू आलं नाही. मी त्यांनाच त्यावर बसवलं. त्यांचं वजन नव्वद किलो आहे, खुर्चीने दम धरला. उंबरा फोडायला तुझ्या आईने फोनवरच नाही म्हटलं, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांचा उतार केलाय. दिव्याचं बटण खाटेजवळ घेतलं, पण विजेचं काम मी केलं नाही, वायरमन बोलावला. माझ्या हाताचा आता मलाच भरवसा वाटत नाही.

एवढं सगळं होऊनही मन थाऱ्यावर नव्हतं. सोमवारी मी शालूबाईकडे गेलो. अकरा वर्षं आपली धुणीभांडी केली तिने. ‘तुझ्या साबणाच्या पाण्यावरून माझी आई घसरली’ असं तू तिला फोनवर फाडफाड बोललीस, त्या दिवसापासून ती आपल्याकडे येत नाही. गोष्ट गल्लीभर झाली आणि आणखी दोन घरांनी तिला काढलं. ती दारात शेंगा फोडत बसली होती. मला बघून उठली नाही, बसा म्हणाली नाही. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. माझं बोलून झाल्यावर ती म्हणाली, “मामा, मला कशाला सांगताय? मी पाणी सांडलं न्हवतं, हे मला ठावं हायच की. लेकीला सांगा.” आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली. दोन दिवस झाले, तिचं ते बोलणं डोक्यातून जात नाही.

तर अनुजा, तिला जे सांगितलं ते आता तुला सांगतो. त्या दिवशी न्हाणीत पाण्याचा थेंबही नव्हता. गवंड्याला कशाला बोलवायचं म्हणून तिथला लाल कोबा मीच केला होता. आपल्या जुन्या घरातल्यासारखा चमकावा म्हणून आदल्या दिवशी त्यावर मेण चोळलं आणि नारळाच्या शेंडीने तासभर घासत बसलो. तुझी आई म्हणाली सुद्धा, “किती चमकवताय, तोंड बघायचंय काय त्यात?” सकाळी तिचा पाय सरकला. दवाखान्यात नेताना गाडीत, कण्हत असतानाही तीच तुला फोनवर आधी म्हणाली, पाणी सांडलं होतं गं. ते माझ्यासाठी होतं, हे मला तेव्हाच कळलं. पुढे तू विचारलंस, कुणी सांडलं? तेव्हा शालूबाईचं नाव तिने नाही, मी घेतलं. तो कोबा मी आता छिन्नीने टोचून काढलाय, जात्याला टाकी लावतात तसा. ओल्या पायांनी वीस वेळा चालून बघितलं, सरकत नाही. पण ज्या माणसाने तिला पाडलं आणि वर खोटं बोलला, त्याच्या भरवशावर तिला सोडायचं की नाही, हे सगळं कळल्यावर तू ठरव. नाही आणलंस तर मी तुला एका शब्दाने बोलणार नाही. आणलंस, तर गाडी आधी शालूबाईच्या दारात थांबव. तू तिची माफी मागायची नाहीस, ती मी मागेन, तुम्हा दोघींच्या समोर.

तुमची दोघींची वाट बघत असलेला, तुझाच
आबा