आत्याबाईंची ज्वारी

निमोणे, ता. शिरूर
दि. २० जानेवारी १९७५

जालिंदरभावजींना मुक्तावहिनीचा नमस्कार. नात्यानं खरं तर आशीर्वाद द्यायचा, पण वयानं तुम्ही मोठे, तवा नमस्कारच गोड मानून घ्या. अंजनाला आन् लेकरांना आठवण सांगा. इकडं समदं बरं हाय. कांदा चांगला लागलाय, म्हैस गाभण हाय. तुमचे भाऊ साखर कारखान्यावरच, सीझन संपंस्तोवर सुट्टीला तेवढे घरी.

ते सांगत व्हते, तुम्ही दोघा भावांनी आत्याबाईंना कायमचं दौंडला ठेवायचं ठरवलं, आन् येत्या रविवारी तुम्ही त्यांची पेटी न्यायला येताय. चांगलं हाय. तुमचं रेल्वेचं क्वार्टर पक्कं, नळ दारात, दवाखाना जवळ. म्हाताऱ्या माणसाला सून म्हणून मी आणखी काय देणार व्हते? पेटी पुसून ठेवलीय.

घर आता कसं गप्प झालंय. शेजारची मालनबाई परवा म्हणाली, सुटलीस बाई. तिला चहा न देताच वाटंला लावली.

तिचा नवरा गेणबा दौंडच्या बाजाराहून येताना तुमच्याकडं थांबला व्हता ना, त्यानं सांगितलं. अंजना ताट हातात देती, केस विंचरून देती, काडीला हात लावू देत न्हाई. तरी आत्याबाई दोन घास खाऊन ताट सारत्यात आन् दिसभर भिंतीकडं तोंड करून पडत्यात. गेणबा म्हणतो, म्हातारी लई गुणी झाली. आत्याबाई आन् गुणी? ते ऐकलं आन् हे पत्र लिहायला बसले.

अंजनाला मी बोल लावत न्हाई. तिच्यासारखी सेवा मला या जन्मी जमायची न्हाई. पण दिवाळीला तुम्ही जे बघितलंत, त्याचं तुम्ही विचारलं न्हाईत आन् मी सांगितलं न्हाई. मोतीबिंदू झालेली तुमची आई ओसरीवर ज्वारी निवडतीय, सुपात एवढाले खडे, आन् आम्ही दोघी गाव गोळा व्हईल असं भांडतोय. तुम्ही तसंच त्यांना घेऊन गेलात. तुमच्या जागी मीबी तेच केलं असतं.

आता सांगते. ती ज्वारी मी आधीच निवडलेली असायची. खडे मीच टाकायची, बोटाला लागतील असे मोठाले.

डोळे गेले तशा आत्याबाईंनी जेवण टाकलं व्हतं. आता माझा काय उपेग, एवढंच म्हणायच्या. एक दिवस माझ्या चुकीनं भाकरीत खडा गेला, तो त्यांच्या दाताखाली आला. मग काय, कडाडल्या, माझं माहेर काढलं, आन् त्या रागात अख्खी भाकरी खाल्ली. सकाळी सूप ओढून घेतलं. म्हणाल्या, "तुझ्या भरवशावर राहिलं तर घर उपाशी मरंल."

तवापासनं त्या खडे काढायच्या आन् मला शिव्या घालायच्या. मी गप्प बसले की त्यांचा हात थांबायचा, म्हणून मी उलट बोलत राहायची. भांडून भांडून भूक लागायची, मग दोघी एका ताटात जेवायचो. हे तुमच्या भावालाबी ठाऊक न्हाई. सासूच्या सुपात खडे टाकते, हे सांगायचं तरी कुणाला?

भावजी, मला करमत न्हाई. मला त्या पाहिजेत. आई तुमची, हक्क तुमचा, पण कुठं राहायचं ते त्यांना एकदा विचारा. आपण समद्यांनी ठरवलं, त्यांना कुणीच विचारलं न्हाई, मीसुद्धा. शिरूरला उन्हाळ्यात डोळ्याचं शिबीर लागंल म्हणत्यात, मी स्वतः घेऊन जाईन. मग त्यांना नीट दिसंल आन् माझी चोरी पकडली जाईल. जाऊ द्या.

मुक्ता बोलावतीय असं मात्र म्हणू नका, अडून बसतील. म्हणावं, मुक्तानं लोणच्याच्या बरणीत ओला हात घातला, समदं लोणचं नासलं. खोटं न्हाई, खरंच नासलंय. हे ऐकून त्या गप्पच पडून राहिल्या, तर रविवारी या आन् पेटी घेऊन जा, मी अडवणार न्हाई. पण चिडून उठून बसल्या, तर भावजी, त्यांचा राग उतरायच्या आत त्यांना यष्टीत बसवा.

त्यांचीच सून,
मुक्ता