लेखनसीमा

मंगळवार, ४ सप्टेंबर १९८४

नोकरी लागली! ओहायोतल्या डब्लिनला येऊन दीड वर्ष पोळ्या लाटल्यावर आज मी, सौ. पद्मिनी, एका टेबलामागे ऐटीत बसले. आणि कशासाठी, तर मोडी वाचण्यासाठी. पुण्यात मोडी शिकत होते तेव्हा ‘उपयोग काय’ म्हणून हसणाऱ्या प्रत्येकाला इथून एकेक पत्र टाकणार आहे.

नदीकाठचं दगडी घर आहे. मालकीण विटकोमबाई ऐंशीच्या पुढच्या, पण कान तल्लख. त्यांचे पणजोबा सर लायोनेल ट्रेव्हेन, इंग्लंडच्या एका उमरावाचे तिसरे चिरंजीव. व्यवसायाने वकील, पण कोर्टातले नव्हेत. आपल्या जुन्या कागदांत म्हणतात तसे राजकारणातले वकील, म्हणजे राजदूत. बाविसाव्या वर्षी ईस्ट इंडिया कंपनीतर्फे एका छोट्या मराठी संस्थानात आले, मग तेहरान, इस्तंबूल आणि शेवटी वॉशिंग्टन. तिथे मुलगी अमेरिकनाला दिली आणि तिच्या मागोमाग कागदपत्रंही इकडे आली. बाईंना आता त्यांचं चरित्र छापायचं आहे. इंग्रजी कागद त्यांनी लावून ठेवलेत. मोडीची एक पेटी तेवढी उरली, ती माझी.

माझ्या लेकीची, उत्तराची, किंडरगार्टन बाराला सुटते. तिला इथे आणायला बाईंची हरकत नाही. दिवाणखान्यात सर लायोनेलचं मोठं चित्र आहे: उंच, देखणे, पांढरे हातमोजे घातलेले. ‘ही लुक्स नाइस, मम्मी,’ असं आमच्या मडमेचं मत पडलं. मराठी सगळं कळतं, पण उत्तर म्हणून एक मराठी शब्द तोंडातून निघेल तर शपथ. चित्र मलाही आवडलं.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

सर लायोनेलची इंग्रजी रोजनिशी वाचते आहे. मनुष्य भलताच मिस्कील. घोडे, मेजवान्या, दरबारात विडा चुकीच्या गालात धरल्याची फजिती. वाचता वाचता एकटीच हसत होते. त्या मराठी संस्थानाच्या राणीने राज्य आपखुशीने कंपनीच्या हवाली केलं, हा त्यांचा पहिला विजय. राणीचे चिटणीस पुरुषोत्तमपंत यांच्या हातचं ते पत्र माझ्याच पेटीत आहे.

एक गंमत दिसली. एवढ्या मोठ्या संग्रहात सरांच्या स्वतःच्या हातची एक ओळ नाही. रोजनिशीसुद्धा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली. विटकोमबाई म्हणाल्या, ते हाताला शाई लागू देत नसत.

दुसरी गंमत पत्रात. दरबारी पत्राच्या शेवटी आपल्याकडे ‘लेखनसीमा’ लिहीत, म्हणजे लिहिणं इथे संपलं, पुढे कुणी काही घुसडू नये. त्याशिवाय पत्र पुरं नाही. आमचे चिटणीस ‘लेखनसी’पर्यंत येऊन थांबलेत. एक ‘मा’ राहिला! त्यावरून लंडनमध्ये शंका निघाल्या आणि सरांचं लॉर्डपद हुकलं. त्यांनी म्हातारपणी सांगून लिहवलंय की ते अक्षर मिळाल्याशिवाय आपण उठणार नाही. एका अक्षरासाठी इतका त्रागा!

बुधवार, १२ सप्टेंबर

आज एक विचित्र प्रकार झाला.

मोडीत आधी पानभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची. हात बसावा म्हणून पिवळ्या पॅडवर पाच रेघा ओढल्या आणि उत्तराला शाळेतून आणायला गेले. परत येते तो पहिल्या रेघेखाली अक्षरं होती. ‘हें पत्र आपखुशीनें लिहिलें.’ वळण माझंच. माझा ‘ल’ जरा लंगडा आहे, तोही तस्साच.

या घरात मोडी मला एकटीला येते, तेव्हा मीच लिहिलं असणार. पण लिहिल्याचं आठवत नाही. नवऱ्याला, उल्हासला, सांगितलं तर म्हणाला, ‘टेन्शन घेऊ नकोस यार, जॉब नवीन आहे.’

मंगळवार, १८ सप्टेंबर

उत्तराच्या फ्रॉकच्या खिशात खडीसाखर सापडली. पिवळी पडलेली, जुन्या कपाटाच्या वासाची. कुणी दिली विचारलं तर म्हणे, ‘द मॅन विथ द ग्लव्ह्ज.’ विटकोमबाईंना मधुमेह आहे. घरात साखरेचा कण नाही.

मग मी रोजनिशीची पुढची पानं काढली. तिथे असं आहे: चिटणिसाची सहा वर्षांची मुलगी चिमा दहा दिवस आमची पाहुणी आहे. तिला खडीसाखर फार आवडते. बाप अजून लिहायला तयार नाही.

तेहरानला मुनशीचा मुलगा पाहुणा होता. इस्तंबूलला दुभाष्याची मुलगी. प्रत्येक वेळी हवा तो कागद मिळाला आणि सरांना बढती मिळाली. यातलं एकही पोर आपल्या घरी परत गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही.

या माणसाच्या विनोदांना मी हसत होते. माझी मलाच लाज वाटते.

सोमवार, २४ सप्टेंबर

चिटणिसांच्या पत्राच्या तळाशी मी डाग समजून सोडलेली एक ओळ आहे. आज ती भिंगातून वाचली. ‘हें पोर माझें न’ — पुढे कागद फाटलाय. ‘न’वरची मात्रा पुसली असणार. शब्द ‘नेलें’ असणार. हें पोर माझें नेलें. मला रडूच आलं.

पॅडवरच्या पाचही रेघा आता भरल्यात. शेवट ‘लेखनसी’. मी पेनाला हातही लावला नव्हता.

नोकरी सोडली. विटकोमबाई फ्लोरिडाला बहिणीकडे गेल्यात, त्यांना फोनवर कळवलं. उल्हास महिनाअखेरपर्यंत एडिसनला, क्लायंटकडे. उत्तराला त्या घरात पुन्हा नेणार नाही. भीती वाटते, खूप भीती वाटते.

बुधवार, २६ सप्टेंबर

दोन दिवस घरीच. दारं लावलेली.

आत्ता लिहिताना लक्षात आलं — ही देवनागरी आहे, हिच्यात रेघ शेवटी देतात. मी आधी ओढते आहे. ही ओळसुद्धा. रेघ कडेपर्यंत जाऊन पोचलीय आणि मी मागून शब्द भरतेय —

वहीतलं एक पान फाडलेलं आहे. मी फाडलेलं नाही.

गुरुवार, २७ सप्टेंबर

उत्तराला सुनेत्राकाकूंकडे ठेवलं. दोन गल्ल्या पलीकडे राहतात, डॉक्टर आहेत, घाबरणाऱ्यातल्या नाहीत. आमच्या घरापेक्षा ती तिथे बरी. उल्हासशी फोनवर बोलले, रडले. उद्या रात्रीच्या विमानाने येतो म्हणाला.

उद्या रात्र. तेवढं निभलं पाहिजे.

शुक्रवार, २८ सप्टेंबर, दुपारी एक

काकूंचा फोन. उत्तरा पोचली ना, विचारत होत्या. तुझे साहेब स्वतः न्यायला आले, काय मॅनर्स गं, पण हातमोजे काही काढले नाहीत. मी ओरडले, अनोळखी माणसाबरोबर पाठवलीतच कशी. त्या गोंधळल्या. म्हणाल्या, अगं, तुझी चिठ्ठी होती ना, तुझ्याच अक्षरात, मराठीत. ‘उत्तराला साहेबांबरोबर पाठवा. ती त्यांची पाहुणी आहे.’

फाडलेलं पान —

पोलिसांना कळवलंय. पत्ता दिलाय. मी थांबू शकत नाही, निघते.

दोन वाजता. दगडी घर

दार उघडंच होतं. पोलीस अजून नाहीत. टेबलावर चिटणिसांचं पत्र, शेजारी बोरू, दौत भरलेली. आतल्या खोलीला आतून कडी. आत उत्तरा हसतेय. ढकललं, लाथा मारल्या, दार हलत नाही.

वही मांडीवर घेतलीय. लिहीत राहिले तरच हात माझ्या ताब्यात राहतो —

मोठ्याने सांगितलं. आधी माझी मुलगी, मग तुमचं अक्षर. चिटणिसांनी राखलं, मी राखणार नाही. लॉर्ड व्हा, काय हवं ते व्हा. माझी उत्तरा द्या.

हसू थांबलं.

कडी निघाली.

उत्तरा! लाल बूट, तोच फ्रॉक, हनुवटीवर कांजण्यांचा व्रण. आली, माझी बाय आली — लिहिते, एकच अक्षर, बोरू घेतलाय —

थांब. ती काहीतरी म्हणाली.

‘आई, तेवढा मा लिही की गं. साहेब खोळंबलेत.’

‘आई’ म्हणाली. उत्तरा मला मम्मी म्हणते. उत्तराच्या तोंडी ‘खोळंबलेत’ येणारच नाही —

मात्रा पुसली नव्हती. मुळात नव्हतीच मात्रा. ‘नेलें’ नव्हतं ते. मी चुकीचं वाचलं, पंत, मी चुकीचं —

पदर धरतेय. हात थंड

हे पोर माझं न