जाळीतलं वजन

५ जानेवारी १९९७
आलो एकदाचा शाहूवाडीच्या डोंगरावर! जिकडं बघावं तिकडं पाइनची झाडं, सरकारनं पंचवीस वर्षांमागं रांगेत लावलेली. तेव्हापासून या रानाचा अभ्यास चाललाय, आणि आता इथले मदतनीस म्हणजे आम्ही, जयसिंगपूरचे रुद्रेश, बी.एस्सी.! काम सोपं हाय. झाडांखाली कमरेएवढ्या उंचीवर जाळ्या बांधल्यात. त्यात पडलेल्या सुया वाळवायच्या, तोलायच्या आणि परत त्याच झाडाखाली टाकायच्या. हे शेवटचं साहेबांनी बजावून बजावून सांगितलं. शिवलीलाला पाचवा महिना चाललाय, तिला हवा मानवेल. ती म्हणाली, नवऱ्याला कचरा गोळा करायचा पगार मिळतोय हे माहेरी सांगू कसं? लई हसलो.

१२ जानेवारी
काय ती थंडी! लाकडं दवानं ओली, बंब पेटता पेटंना. राखणदार आकाराम म्हणाला, "पावणं, तोललेल्या सुया घाला की बंबात! तुमच्या आधीचा गडी लई कडक, हात लावू द्यायचा न्हाय. निम्म्या तुमाला, निम्म्या मला." पटलं. पोतंभर घातल्या. भडाभडा पेटल्या आणि शिवलीलाला कढत पाणी मिळालं. साहेब बसलेत कोल्हापुरात, त्यांना काय कळतंय? आता रोज हेच.

२० जानेवारी
जाळीत सुयांबरोबर केस निघाले. लांब, तेल लावलेले. इकडं बाईमाणूस फिरकत न्हाय. आकारामला दाखवले तर त्याचं तोंडच उतरलं. त्याच्या बायकोचे, झुंबरबाईचे केस मुठीमुठीनं जातायत म्हणे. मी म्हटलं, रक्त कमी असेल, डॉक्टरला दाखव.

२४ जानेवारी
झुंबरबाई धुणं घेऊन ओढ्यावर गेली ती आलीच न्हाय. दुपारी मी रानात गेलो तर ती जाळीत निजलेली, अंगभर सुया. जीव गेलेला. उचलली तर, देवाशपथ सांगतो, तिला वजनच नव्हतं. वाळल्या पाल्याचं ओझं असतं तेवढीच. आकाराम छाती बडवत होता. मधेच थांबून मला म्हणाला, "पोती तुमीबी जाळलीसा की."

२६ जानेवारी
जाळीत हिरव्या काचा. घरी पळत आलो. शिवलीलाच्या हातात दोन बांगड्या कमी. कधी फुटल्या तिला ठाऊकच न्हाय. मला भ्या वाटतंय. लई भ्या वाटतंय. बंबातली सगळी राख झाडांखाली ओतून आलो. वाऱ्यानं माझ्याच तोंडावर आली.

२८ जानेवारी
राख चालत न्हाय त्या झाडांना. आज शिवलीलाला गंमत म्हणून उचललं. ती खिदळली. मी तिला तशीच खाली ठेवली. पोटुशी बाई, आणि इतकी हलकी —

२९ जानेवारी
तिला कोडोलीला माहेरी धाडली. जाईना. मग खोटं सांगितलं, तुझी आई अंथरुणाला खिळलीय, निरोप आलाय. रडत एसटीत चढली. मी रानात जाऊन मोठ्यानं सांगितलं, सुया मी जाळल्या. घ्यायचं ते माझं घ्या. तिला सोडा. बाळाला सोडा.

३० जानेवारी
जाळीत पडून लिहितोय. वरनं सुया पडतायत — थांबतच न्हाईत. पाय हायत का न्हाईत कळंना. असू दे. हलकं वाटतंय. ती सुटली, बाळ सुटलं —

वाटेनं कोणतरी येतंय. आकाराम असेल.

न्हाय. शिव्या ऐकू येतायत. आई ठणठणीत हाय, खोटारडा मेला, म्हणत — शिवलीला! देवा, माघारी आली —

येऊ नको अगं, तिथंच थांब — ओरडतोय, आवाज फुटंना — बघितलं तिनं. पळत येतेय. मला काढायला हात — जाळीला न्हाय, शिवा, जाळीला हात ला