कापसाची आई

प्रिय ताई,

तू म्हणशील, इतके दिवस खुशालीची एक ओळ नाही आणि आज एकदम पत्र. मूल मांडीवर आलं की माया आपोआप येते, असं तूच मला समजावलं होतंस. थोरला आला, मग धाकटी आली, माया काही आली नाही. न्हाऊमाखू घालते, भरवते, बटणं लावते. जीव मात्र शिवणात. दोघं बिलगली की मला घुसमटायला होतं.

शिवणाच्या खोलीतला पुतळा तुला आठवत असेल. कपडे बेतायला बरा, म्हणून मी तो कापूस भरून माझ्याच मापाचा केला होता. एकदा दोघांनी फार भंडावलं, तेव्हा माझा जुना झगा त्याच्यावर चढवला आणि म्हटलं, "ही घ्या तुमची आई. मला काम करू द्या." पोरांनी ते मनावरच घेतलं. धाकटी पडली की रडत मला ओलांडून त्याच्याकडे जायची. खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं झालं.

मग एके सकाळी धाकटीच्या वेण्या दिसल्या, आपली आई घालायची तशा, उलट्या पेडाच्या. मला त्या कधीच जमल्या नाहीत. कुणी घातल्या विचारलं, तर पुतळ्याकडे बोट. त्याला हातच नाहीत, ताई. मी हसण्यावारी नेलं. पण परवा झगा धुवायला काढायला गेले, तर तो कमरेत तटतटलेला, हूक निघेना. आणि माझे कपडे माझ्याच अंगावर लोंबायला लागलेत. मापात मी चुकत नाही, हे तुला ठाऊक आहे.

आज दोरे घेऊन परत आले, तर दाराला आतून कडी. थोरल्यानं फटीतून पाहिलं आणि आदबीनं म्हणाला, "आई कामात आहे. तुम्ही नंतर या." त्याच्यामागे धाकटी हसली, आणि मी तिथेच जिन्यात बसले. मला माझी मुलं हवी आहेत, ताई. हे मी पहिल्यांदाच म्हणतेय. शेजारणीकडे कागद मागितला, तर तीही "कोण पाहिजे?" म्हणाली. आत मशीन चालू आहे, अगदी माझ्या लयीत. पत्र मिळताच ये. मुलांसमोर मला नावानं हाक मार, तुझं ती ऐकतील. आणि दार तिनं उघडलं, तर माझ्यासारखी दिसते म्हणून तिच्या गळ्यात पडू नकोस.

जिन्यात थांबलेली,
तुझीच छोटी