उणे वीस गुणांची गल्ली

१६ ऑगस्ट १९९४, मंगळवार
आजपासून रोजनिशी. मोठी माणसं लिहितात.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावून विकास नगर भागातल्या सांडपाण्याच्या सगळ्या सीवर लाइन तपासायला सांगितल्या. कुठली आधी दुरुस्त करायची, कुठली नंतर, हे मी ठरवायचं. अख्ख्या ऑफिसात फक्त मी! शेजारच्या टेबलावरचा हरिहर शुक्ला म्हणतो, दुसरं कोणी तयारच नव्हतं. जळतो, दुसरं काय.
घरी वसुधाला सांगितलं. ती लगेच म्हणाली, मग आपल्या गल्लीची लाइन आधी बघा, बाथरूममध्ये गुडगुड होतेय. यंदा महाराष्ट्र मंडळाचं गणपतीचं जेवण आमच्याकडे आहे, अकरा सप्टेंबरला. किती वर्षं ती या मानाची वाट बघतेय. म्हटलं, सीवर खात्याचा माणूस घरात असताना तू कशाला काळजी करतेस?
"तुम्ही म्हणताय म्हणजे ठीकच असेल," म्हणाली. बरं वाटलं.

१९ ऑगस्ट
तपासणी सुरू. एका मॅनहोलमधून आरशाने लाइनीत ऊन पाडायचं आणि पुढच्या मॅनहोलमधून बघायचं. उजेड पूर्ण गोल दिसला तर लाइन साफ. अर्धा दिसला तर गाळ. काहीच दिसलं नाही तर देवाचं नाव घ्यायचं.
खात्याचा आरसा फुटलेला, म्हणून वसुधाच्या ड्रेसिंग टेबलचा नेला. संध्याकाळी स्वच्छ धुऊन परत लावला. तरी ती आता त्यात बघत नाही. शास्त्राची कदर नाही या घरात.

२३ ऑगस्ट
ढग. आरसा बेकार. दिवसभर छत्री धरून खुर्चीत बसलो. जबाबदारीचं काम आहे.

२६ ऑगस्ट
गुणपद्धत तयार! प्रत्येक लाइनला शंभरपैकी गुण. जितके गुण जास्त तितकी लाइन वाईट, तितकी दुरुस्ती आधी. आणि मुख्य कलम, जे माझ्याशिवाय कोणाला सुचलं नसतं: तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या स्वतःच्या गल्लीला उणे वीस. अंबर्डेकरांनी आपलीच सोय बघितली, असं उद्या कोणी म्हणायला नको.
हरिहरला वाचून दाखवलं. म्हणाला, "अंबर्डेकर जी, पहले अपनी गली में झाँक तो लीजिए."
सापळा आहे, मी ओळखला. मी आमच्या गल्लीतलं झाकण उघडलं की हा ऑफिसभर बोंबलणार. म्हणून उघडलंच नाही. नाहीतरी येता-जाता वरून बघतोच. झाकण छान बसलेलं आहे, म्हणून गुण शून्य, त्यातून वीस वजा.

३० ऑगस्ट
रिपोर्ट दिला. आमची गल्ली सगळ्यांत शेवटी. साहेब म्हणाले, असा ईमानदार माणूस बघितला नाही. आणि हसले. कौतुकाने.
ही पद्धत दिल्लीला सेमिनारमध्ये मांडायला हवी. सूट शिवायला टाकावा का?

२ सप्टेंबर
बाथरूममध्ये पाणी उलटं आलं. थोडंसंच. वसुधाला समजावलं, हवेचा दाब असतो. जुई कॉलेजात काय शिकते कोण जाणे, म्हणाली, "पापा, हवा से इतनी बदबू नहीं आती." मुलगीसुद्धा आईच्या पार्टीत.

५ सप्टेंबर
दाब वाढला. गल्लीतलं झाकण आपोआप वर आलंय. वसुधा म्हणाली, जेवण तोंडावर आलंय, आता तरी साहेबांना सांगून आपली लाइन आधी घ्या. मी विचारलं, माझी पद्धत मीच मोडू? लोक काय म्हणतील? ती उठून शेजारणीकडे गेली. पटलं असावं.

७ सप्टेंबर
विश्वासघात. दुसरा शब्द नाही.
दुपारी साहेबांनी बोलावलं. केबिनमध्ये वसुधा! सोबत गल्लीतल्या सगळ्या बायका, चहा घेताहेत. तिने मला नमस्कार केला, परक्या माणसाला करतात तसा. सकाळी डबा हातात देताना एका अक्षराने बोलली नव्हती. साहेब म्हणाले, उद्याच काम सुरू करतो, फक्त माणूस कोण पाठवू ते सांगा.
"किसी को भी भेज दीजिए," वसुधा म्हणाली. "बस, इनको नहीं."
सगळ्या हसल्या. साहेबही. हरिहरची नेमणूक झाली.
घरी तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षातही आलं नाही.

८ सप्टेंबर
रजा टाकली. खिडकीतून बघत होतो. हरिहरने झाकण उघडलं तर लाइन आतून खचलेली, वर विटांचे तुकडे, चिंध्या, काय काय. नंतर वर येऊन मला सांगून गेला की झाकण उघडून गुण दिले असते आणि उणे वीस नसते, तर तुमच्याच हिशोबाने ही पहिली आली असती. म्हणजे पद्धत बरोबरच होती! हे वसुधाला सांगायला गेलो तर ती त्याच्यासाठी पोहे करत होती. मला कोणी विचारलं नाही.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
गणपती बसले. लाइन वाहती झाली. आरतीच्या वेळी वसुधा माझ्या शेजारी उभी राहिली नाही. किती वर्षं राहायची. मनाला फार लागलं.

११ सप्टेंबर, रविवार
जेवण झालं. बाथरूममध्ये एक थेंब उलटा आला नाही. हरिहर पंगतीत पहिल्या पानावर. याच्यामुळे सगळं निभावलं, असं वसुधा प्रत्येकाला सांगत होती. मी पाणी वाढत होतो. वाटलं, एकदा तरी माझ्याकडे बघेल, चेष्टेने का होईना माझं नाव घेईल. भांडली असती तरी चाललं असतं.
बँकेत नव्याने बदलून आलेल्या यमुनाबाई म्हणून कोणी होत्या. त्यांनी वसुधाला विचारलं, तुमचे मिस्टर काय करतात?
"हे ऑफिसात असतात," वसुधा म्हणाली, आणि भाताचं पातेलं घेऊन पुढे गेली.
मी पाण्याचा जग भरायला आत गेलो.